जावयानं सांगितलेला शेवट

रहस्यकथेचं पुस्तक हातात आलं की रुख्मिणी आधी सुईदोरा काढायची. शेवटचं प्रकरण कुठे सुरू होतं तेवढं डोळे किलकिले करून बघायचं, आणि तिथून मागच्या पुठ्ठ्यापर्यंतची पानं कडेनं टाचून टाकायची. गोधडीला घालतात तसे लांब, सैल टाके. मग ते पुस्तक चौघांत फिरायचं. सगळ्यांचं वाचून झालं की शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, चौघं शाळेच्या मागच्या ओसरीवर बसायची. एकेकानं खुनी कोण ते सांगायचं, कशावरून तेही सांगायचं, आणि मगच रुख्मिणी दातानं दोरा तोडायची.

हा नियम तिनंच घातलेला. त्याआधी कोणीतरी शेवट वाचून टाकायचं आणि बाकीच्यांची मजा घालवायचं. बहुतेक वेळा तो तिचा धाकटा भाऊ नानाजी असायचा. त्याला भीती सोसायची नाही. खुनी पकडला गेला हे आधी कळलं की मग तो निवांत खून वाचायला बसायचा.

रिसोडात पुस्तकं यायची ती एस.टी.तून. नानाजीचा दोस्त मदनसिंग तांड्यावरचा, शिकायला म्हणून थोरल्या भावाच्या खोलीवर राहायचा. हा भाऊ अकोल्याच्या गाडीवर कंडक्टर होता. प्रवासी सीटवर विसरून गेलेली आणि मागायला कोणीच न आलेली पुस्तकं तो घरी आणायचा. कव्हरवर कंदील धरलेली बाई, पडद्याआडून आलेला हात, जिन्यावर सांडलेलं रक्त. काही पुस्तकांना कव्हरच नसायचं. त्यांची नावंही या चौघांना कधी कळली नाहीत. चौथी भागिरथा. तिचे वडील देवमन त्याच शाळेत शिपाई होते, म्हणून शाळेला कुलूप लागल्यावरही मागची ओसरी यांना मिळायची.

"मले तं डाक्टरच वाटते," मदनसिंग मांडीवर थाप मारून म्हणायचा. "बाटली त्याच्याच हाती होती ना बे."

"म्हनूनच तो नाही," रुख्मिणी म्हणायची. "ज्याच्यावर पयल्या पानापासून संशय येते तो खुनी नसतेच. लिवनारा त्याले मुद्दाम उभा करते, वावरातल्या बुजगावण्यावानी. आपुन त्याच्याकडं पाहत बसतो, अन मांगून दुसराच येते."

"मंग गडी असन," नानाजी हळूच म्हणायचा.

"झालं! आला गड्यावर!" भागिरथा तडकायची. "दर पुस्तकात पोलीस आला का पयले मोलकरणीची पेटी उघडते. बंगल्यातल्या लोकायच्या पेट्या काहून नाही उघडत?"

"तुयं दर शनिवारी तेच राह्यते, भागे."

"पुस्तकात दर वेळी तेच राह्यते म्हनून माह्यं बी तेच राह्यते."

भागिरथाची आणखी एक तक्रार होती. मेलेली बाई कोणाच्याच लक्षात राहत नाही, असं तिचं म्हणणं. "पाचव्या पानावर मरते बिचारी. तिले काय आवडे, तिचं कोनाशी पटे, कायीच नाही. बाकीचे तिच्या मढ्यावर उभे राहून हुशारी दाखवतात." मदनसिंगला हे पटायचं नाही. मेलेल्या बाईची माहिती घेत बसलं तर पिस्तूल कधी निघणार, असा त्याचा सवाल.

आणि रुख्मिणी? तिला मढ्याची भीती वाटायची नाही. "त्याच्या आंधी वाटते," ती म्हणायची. "सगळे जन चहा पिऊन राह्यले असतात, कोनीतरी हासते, अन आपल्यालेच मालूम असते का आता काय होनार हाय." ती असं बोलायला लागली की नानाजी उठून पाणी प्यायला जायचा.

तिचा अंदाज बहुतेक खरा निघायचा. त्यामुळे संशय येतो तो खुनी नसतो, हा या ओसरीवरचा कायदाच होऊन बसला. मदनसिंग तर तो इतर गोष्टींनाही लावायचा. वर्गात शिट्टी वाजली की तो मास्तरांना सांगायचा, "माझ्यावर संशय येऊन राह्यला ना सर? मंग मी नाही."

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रुख्मिणीचं मॅट्रिक झालं आणि निकाल लागायच्या आत वैशाखात लग्नही झालं. वडील शेषराव यांची शेती चांगली. पाहुणे आले तेही तोलामोलाचे. मंगरूळपीरच्या पलीकडे एका खेड्यात जगदेवचं घर, बारमाही पाण्याची विहीर, एकुलता एक मुलगा. उंच, गोरा, आणि हसरा. पंगतीत त्यानं वाढप्याची अशी नक्कल केली की वाढप्याच्या हातातली बुंदी सांडली. निघताना आई गोजराबाई रडता रडता शेजारणीला म्हणाली, "पोरीचं नशीब चांगलं म्हना. हासता नवरा भेटला."

विहिरीची गोष्ट श्रावणात घडली. जगदेव म्हणाला, चल, पाणी किती चढलं ते दाखवतो. शेतातली विहीर, काठाला कठडा नाही. ती वाकून बघत होती. त्यानं तिचा दंड धरला आणि तिला पुढे ढकललं. तिच्या पायाची फक्त बोटं दगडावर राहिली. खाली हिरवं पाणी, त्यात आभाळ, आभाळात तिचं स्वतःचं तोंड. "सोडू का?" तो म्हणाला. हसत होता. मग ओढून घेतलं. "अवं, मस्करी! किती भेतेस!" घरी येऊन त्यानं आईला सगळं करून दाखवलं, रुख्मिणीचे डोळे कसे झाले होते ते, तिच्या तोंडून कसला आवाज निघाला तो. सासूनं हसून पदर डोळ्याला लावला. म्हणाली, लहानपणापासून असाच हाय तो, खोडकर.

पोळ्यानंतर पुन्हा एकदा. तेव्हाही तो हसत होता.

दसऱ्याच्या सुमाराला तिसऱ्यांदा. त्या वेळी त्यानं तिचा दंड धरला, आणि काही बोलण्याआधी मान वळवून शेताकडे पाहिलं. कपाशीच्या ओळीत कोणी आहे का, बांधावर कोणी आहे का. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दूरवर एक बाई कापूस वेचत होती, ती उभी राहून कंबर सरळ करू लागली. मग तो हसला आणि म्हणाला, "सोडू का?"

रुख्मिणीला त्याचं हसणं नंतर आठवलं नाही. ती वळलेली मान आठवत राहिली. चूल फुंकताना, भाकरी थापताना, त्याच्या ताटात वरण वाढताना.

दिवाळीला नानाजी मुराळी म्हणून आला आणि तिला घेऊन गेला. पहिला दिवाळसण; जगदेव पाडव्याला यायचा होता आणि भाऊबीज आटोपली की तिला घेऊन जायचा होता. तेवढ्या दिवसांत रुख्मिणीला एकच गोष्ट करायची होती. आपल्याला परत पाठवू नका, हे घरातल्या कोणाच्या तरी तोंडून वदवून घ्यायचं होतं. स्वतःच्या तोंडानं म्हणायचं तर आधी कारण सांगावं लागणार होतं, आणि ते कारण तिला जमेल तसं ती मनात घोळवत होती. मारहाण सांगता येते. उपाशी ठेवलं तर तेही सांगता येतं. हे कसं सांगायचं?

करंज्या लाटताना तिनं सुरुवात केली.

"माय, मले आता तिकडं नाही जायाचं."

गोजराबाईचं लाटणं थांबलं. "काहून वं? मारते काय?"

"नाही."

"पेते?"

"नाही."

"सासू खाऊ देत नाही?"

"देते."

"मंग काय करते तो?"

"मस्करी करते. विहिरीवर नेऊन धरते अन सोडू का म्हनते."

गोजराबाईनं लाटणं खाली ठेवलं. मग हसायला लागली. हसता हसता तिच्या हाताचं पीठ गालाला लागलं. "अवं बया! मी म्हटलं काय झालं अन काय नाही. तुया बापानं इतक्या वर्षांत माह्याशी कवा एक हासून शब्द नाही बोलला. अन तू मस्करीचं गाऱ्हानं घेऊन आली!" ती पुन्हा लाटायला लागली. काही वेळानं, खाली मान घालून, वेगळ्याच आवाजात म्हणाली, "असं कोनाजवळ बोलू नोको. लोक म्हनतीन, पोरीले सुख टोचून राह्यलं."

पाडव्याला जगदेव आला. शेषरावांना त्यानं बोलतं केलं. गोजराबाईच्या अनारशांना त्यानं हात जोडून नमस्कार केला. नानाजीला तो साळेबुवा म्हणायचा आणि त्याच्या विरळ मिशीवरून त्याला छळायचा. नानाजी लाजून खूश व्हायचा. ज्या घरात जेवताना कोणी बोलत नसे त्या घरात दोन दिवस हसण्याचा आवाज होता.

भाऊबीजेच्या दुपारी जगदेव जेवून आत लवंडला, तेव्हा मदनसिंग आणि भागिरथा रुख्मिणीला भेटायला आले. दोघंही आता वाशीमच्या कॉलेजात जात होती. चौघं ओट्यावर बसली. भागिरथा नेहमीसारखी कडेला, पायरीजवळ. तिचा चहा या घरात वेगळ्या फळीवरच्या कपातून येई. ते तिला माहीत होतं, रुख्मिणीला माहीत होतं, आणि दोघी त्यावर कधी बोलल्या नव्हत्या. भागिरथाला एकटीला गाठायचं तर तिच्या वस्तीत जायला हवं होतं, आणि सणाला आलेल्या लेकीला शेषरावांनी तिकडे जाऊ दिलं नसतं. जे बोलायचं ते इथेच, या सगळ्यांसमोर.

"काय वं रुखमे, तिकडं पुस्तकं भेटतात का नाही?" मदनसिंगनं विचारलं. "का नुसत्या भाकरी?"

आणि रुख्मिणीच्या तोंडून निघून गेलं, "एक वाचलं. पण शेवटची पानं फाटेल होती."

"अरे वा! मंग सांग ना. आपुन शेवट लावू."

तिनं सांगितलं. एक बाई, नुकतं लग्न झालेली. नवरा सगळ्यांना आवडणारा. एक विहीर. पहिली वेळ, दुसरी वेळ. तिनं आपलं गाव काढून टाकलं, कपाशी काढून टाकली, बाईला दूरच्या कुठल्याशा शहराबाहेरच्या बंगल्यात नेऊन ठेवलं. तिसऱ्या वेळी त्यानं मान वळवून इकडेतिकडे पाहिलं, तेही सांगितलं. बोलताना तिला आश्चर्य वाटत होतं. आवाज अजिबात कापत नव्हता. इतके दिवस जे जिभेवर येत नव्हतं ते दुसऱ्या बाईचं म्हणून किती सहज येत होतं.

"चांगलं हाय," मदनसिंग म्हणाला. "पण नवरा नाही बरं. नवरा तं पयल्यापासून दिसून राह्यला."

"सासू," नानाजी म्हणाला. "सासू गोड बोलते ना? मंग तीच. का तिथं एखादा सालदार गडी हाय?"

"सालदार नाही," रुख्मिणी म्हणाली. "दुसरं कोनीच नाही. तोच हाय."

"असं कसं? मंग रहस्य काय राह्यलं? तूच म्हने ना, बुजगावणं पुढं अन खुनी मांगं? असन कोनीतरी. त्या फाटेल पानात असन."

भागिरथा गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. "त्यानं इकडंतिकडं काहून पाह्यलं?"

"लाजला असन," नानाजी म्हणाला. "बायकोले असं धरलं, कोनी पाह्यलं तं?"

मदनसिंग फिदीफिदी हसला. भागिरथा हसली नाही. "तिनं घरी नाही सांगितलं?"

"सांगितलं," रुख्मिणी म्हणाली. "माय हासली."

"मंग परत सांगायचं. बापाले सांगायचं. गावाले सांगायचं. एकदा सांगून गप बसली तं बाई येडी हाय. मले ह्या पुस्तकातल्या बाया नाही पटत, रुखमे. मरेपर्यंत शहाण्यावानी बसतात."

रुख्मिणीनं ओट्याच्या कडेचा दगड घट्ट धरला. मग तिनं सरळच विचारलं. "आता ती माहेरी आली हाय. उद्या तिले परत जायाचं हाय. जावं का नाही जावं? तेवढंच सांगा मले."

"जायालेच पाहिजे!" मदनसिंग म्हणाला. "नाही गेली तं पुस्तक पुढं कसं जाईन? ती गेली तरच खुनी कोन ते उघडं पडन."

"मले वाटते," भागिरथा म्हणाली आणि थांबली. ती रुख्मिणीच्या तोंडाकडे बघत होती. "मले वाटते का—"

"कोन कुठं जाऊन राह्यलं?" आतून टॉवेलानं तोंड पुसत जगदेव आला.

नानाजी सरकून बसला. जावयासाठी जागा झाली. "काही नाही भाऊजी, पुस्तक हाय एक. ताईनं वाचलं, शेवट फाटला. आमी खुनी शोधून राह्यलो."

"असं? मले सांगा ना. म्या बी शोधतो."

नानाजीनं सांगितलं. बहिणीनं सांगितलं त्याच्याहून रंगवून, विहिरीतल्या पाण्याचा रंगसुद्धा न विसरता. जगदेव ऐकत होता. पहिल्या वाक्यांना तो मान डोलावत होता. विहीर आली तेव्हा त्याची मान थांबली. त्यानं रुख्मिणीकडे पाहिलं नाही. टॉवेलाची घडी घातली, मांडीवर ठेवली, तिच्या कडा जुळवल्या.

"पुढं? पुढं सांग ना, साळेबुवा."

नानाजीनं मान वळवून पाहण्याचं सांगितलं आणि तसं करून दाखवलं.

"अन तितून पानं फाटली?"

"हो."

घरात गोजराबाई भांडी लावत होती तो आवाज येत होता. मग जगदेव हसला. त्याचं हसणं खरंच छान होतं, ऐकणाऱ्यालाही हसू यावं असं.

"शेवट सोपा हाय," तो म्हणाला. "नवरा काहून सोडन? तो नाहीच सोडत. तो तं मस्करी करून राह्यला. तो धरूनच हाय. पण बाईच्या डोक्यात भेव भरलं. एक दिवस तीच घाबरून हात सोडवून घेते. हिसका देते, अन जाते खाली. आता सांगा, कोनाचा काय दोष? पोलीस बी काय करतीन? नवरा रडून राह्यला, गाव त्याले धरून राह्यलं."

"वा!" मदनसिंगनं मांडीवर थाप मारली. "भाऊजी, हे कोनाले नसतं सुचलं! खुनीच नाही!"

"खून बी नाही," नानाजी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं.

"तुमचं काय म्हननं हाय?" जगदेवनं आता रुख्मिणीकडे पाहिलं. चारचौघांत तो तिला अहोजाहो करायचा, लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. "तुमी वाचलं ना पुस्तक. जमला का शेवट?"

"जमला," रुख्मिणी म्हणाली.

भागिरथाचा चहा तसाच निवला होता. ती उठली, चपला घातल्या, आणि निघून गेली.

सकाळी स्टँडवर वाशीमची गाडी लागली होती. तिथून बदलून मंगरूळपीर. नानाजी आणि मदनसिंगनं पेटी टपावर चढवली. शेषराव पांढरं धोतर नेसून आले होते. गोजराबाईनं ओटी भरली. रुख्मिणी पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात भागिरथा आली. धावत आली होती, वेणी सुटलेली. ती रुख्मिणीकडे गेली नाही, शेषरावांसमोर उभी राहिली.

"काका, रुख्मिणीले पाठवू नोका."

शेषरावांना आधी कळलंच नाही ती त्यांच्याशी बोलते आहे. "देवमनची ना तू?"

"हो. काका, ते पुस्तक नव्हतं. हे तुमचे जवाई तिले विहिरीवर धरतात. रात्रभर मी तेच आठवून राह्यली. तिनं आमाले विचारलं जावं का नाही, अन आमी—"

"कायचं पुस्तक? कायची विहीर?"

"अहो मामाजी, कालची गोष्ट हाय," जगदेव हसत पुढे आला. "कादंबरीतली. ह्या पोरीनं खरीच धरली. साळेबुवा, सांगा ना."

"हो बाबा," नानाजी म्हणाला. "पुस्तकच हाय. ताईनंच सांगितलं. आमी सगळ्यायनं ऐकलं."

गाडीतले लोक खिडक्यांतून बघू लागले. चहावाला पेला विसळायचा थांबला. शेषरावांचा चेहरा काळवंडला. "रुखमे, हे पोट्टी काय म्हनते? पुस्तकातलं हाय ना?"

तिच्या आयुष्यात तिला असं चारचौघांत, उत्तराची वाट बघत, कोणी काही विचारलं नव्हतं.

"नाही बाबा," रुख्मिणी म्हणाली. "माह्यंच हाय. हे मले विहिरीवर धरतात, अन आजूबाजूले कोनी हाय का पाहतात, अन सोडू का म्हनतात. मले नाही जायाचं."

जगदेवनं गाडीच्या मागे जाऊन टपाची शिडी धरली. "साळेबुवा, पेटी खाली घ्या. मामाजी, राहू द्या त्यायले. चार-आठ दिवस राहू द्या. मन लागलं का मी येऊन नेतो. वाचून वाचून भेव भरलं हाय डोक्यात, दुसरं काही नाही. मी रागावलो नाही."

त्यानं जोर केला असता तर शेषराव कदाचित अडून बसले असते. या समजूतदारपणापुढे ते नमले. भर स्टँडवर लेकीनं अब्रू काढली, आणि जावई ती झाकतो आहे, एवढंच त्यांना दिसलं. दिवाळसणाला आलेला जावई एकटा परत गेला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या रिसोडात काय बोललं जाईल, तेही दिसलं. "पेटी राहू दे वर," ते म्हणाले. "जवाईबुवा, तुमी बसा. रुखमे, चढ."

भागिरथानं रुख्मिणीचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी.

"सोड तिले," शेषराव म्हणाले. त्यांनी भागिरथाला हात लावला नाही. हात लावायचा नाही म्हणूनच ते पुन्हा, मोठ्यानं ओरडले. गर्दीतून दोघं-तिघं पुढे आले; देवमनची पोरगी म्हणजे कुठली, ते त्यांना ठाऊक होतं. एकानं बाही मागे सारली. रुख्मिणीनं ते पाहिलं. भागिरथाच्या बोटांतून तिनं आपलं मनगट हिसक्यानं सोडवून घेतलं आणि ती गाडीत चढली.

जगदेवनं तिला खिडकीजवळची जागा दिली. गाडी वाशीमच्या स्टँडात वळताना तो म्हणाला, "तुयी मैत्रीण लय हुशार हाय," आणि खाली उतरून तिच्यासाठी भजी घेऊन आला.

पुढच्या आठवड्यात शेषराव शाळेत जाऊन देवमनला मास्तरांच्या देखत वाटेल ते बोलून आले. मागच्या ओसरीला कुलूप लागलं. नानाजी मॅट्रिकला नापास झाला आणि शेती बघू लागला. जगदेवनं रुख्मिणीला त्यानंतर विहिरीवर कधी नेलं नाही. त्याची गरज उरली नव्हती. आता तो नुसता जवळ येऊन हसला तरी ती आपोआप मागे सरायची. पाण्याला ती शेजारणींबरोबर जायची. शेतात एकटी थांबायची नाही. जिन्यावर त्याच्या पुढे चालायची नाही. घरातली कुठली वस्तू कुठे आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं, अंगणात कोण आहे, हे तिला दिवसभर ठाऊक असायचं. एक मुलगी झाली, नंतर मुलगा. गावातल्या बाया म्हणायच्या, रुख्मिणीबाई जरा घुमी आहे, पण नवरा मात्र देवमाणूस, मेलेल्याला हसवील असा.

अठ्ठ्याहत्तर साली भागिरथा मंगरूळपीरला मास्तरीण म्हणून लागली. एका रविवारी ती एस.टी.नं त्या खेड्यात गेली. सासूनं तिला ओट्यावर बसवलं आणि नाव, गाव, आडनाव विचारून घेतल्यावर चहा बाहेरच पाठवला. रुख्मिणी तिच्याजवळ येऊन बसली, मांडीवर मुलगा, पाठीला मुलगी. दोघी कपाशीबद्दल बोलल्या, बदलीबद्दल बोलल्या. मध्येच भागिरथा पुढे झुकून अगदी हळू म्हणाली, "रुखमे, अजून वेळ हाय. माह्या खोलीवर दोघी राहू. पोरं बी राहतीन."

रुख्मिणीनं मुलीच्या केसातली रिबीन सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. ओठ न हलवता म्हणाली, "त्याले पोरगा लागते. पोराले नाही सोडनार तो."

"मंग?"

तेवढ्यात जगदेव दारात आला. भागिरथाला ओळखून त्यानं हात जोडले. "अरे! मास्तरीणबाई! या या. आता कोन्या विहिरीत उडी मारून आल्या?"

ओट्यावर सासू होती, शेजारची एक म्हातारी होती, पाटी खाली ठेवून उभी राहिलेली एक मजूर बाई होती. त्या सगळ्यांच्या आधी रुख्मिणी हसली. चटकन, मोठ्यानं, मान मागे टाकून. आई हसते आहे हे पाहून पाठीची पोरगी हसली, आणि मग बाकीच्या.